सर्व्हो काढण्याआधी पावती फाडा



मागच्या आठवड्यात चॅनेलवर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा सर्व्हो काढायचा व्हिडिओ टाकला. 14 मिनिटांचा. त्यात हात, पाने, तेल आणि आमच्या मिस्त्रीमामांची पाठ एवढंच दिसतं. नंतर ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांचे प्रश्न दोनच होते. "सर, तो झाकण दाबायचा टूल कुठे मिळाला?" आणि "या कामाचे किती घ्यायचे?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तो टूल विकत मिळालेला नाही, उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून करून घेतलाय. दुसऱ्याचं उत्तर मात्र व्हिडिओत मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. सर्व्हो काढायचे पैसे नंतर. सर्व्हो काढायची गरज आहे की नाही, हे सांगायचे पैसे आधी. ते वेगळे घ्यायचे, त्यांची वेगळी पावती द्यायची, आणि पुढे काम मिळालं तरी बिलातून वजा करायचे नाहीत. यातलं शेवटचं वाक्य ऐकून माझ्या बॅचमधली निम्मी पोरं नाराज होतात. होऊ द्या.

आता आधी सर्व्हो म्हणजे काय ते बघू, कारण या शब्दाने भलताच गोंधळ होतो. आपल्याकडे सर्व्हो म्हटलं की लोकांना इंडियन ऑईलचा तेलाचा डबा आठवतो. काही जुने मिस्त्री ब्रेकच्या बूस्टरलाही सर्व्हो म्हणतात. इथे हे दोन्ही नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकं एकमेकांत कायम अडकलेलीच असतात. मध्ये एक गिअर, त्याभोवती फिरणारे छोटे गिअर आणि बाहेरून दातेरी कडं. यातलं कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं, यावर गाडी कुठल्या गिअरात आहे ते ठरतं. धरायचं काम कुठे क्लचप्लेटांची चवड करते, तर कुठे एक पोलादी पट्टी. उसाच्या मोळीला दोरी आवळावी तशी ही पट्टी ड्रमला आवळते. तिचं एक टोक पक्कं असतं आणि दुसऱ्या टोकाला ढकलतो तो सर्व्हो. म्हणजे काय, तर गिअरबॉक्सच्या अंगातच एक गोल भोक, त्यात पिस्टन, पिस्टनला रॉड, मागे ढकलणारी स्प्रिंग, रबराच्या रिंगा आणि वरून झाकण. तेलाचा दाब आला की पिस्टन सरकतो आणि पट्टी आवळते. दाब गेला की स्प्रिंग त्याला मागे आणते. झालं.

आता गंमत बघा. बिघाड बहुतेक वेळा त्या रबरी रिंगांचा असतो, आणि त्यांची किंमत इतकी किरकोळ की पार्टवर मार्जिन लावून पोट भरायचं म्हटलं तर उपाशी राहाल. पण तेवढ्या रिंगेपायी गाडीचा एखादा गिअर घसरतो, नाहीतर सापडतच नाही. मग लोक घाबरतात, आणि घाबरलेल्या माणसाला "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" हे वाक्य विकणं फार सोपं असतं.

मी हे शहाणपण कुठून आणलं ते सांगतो. पुस्तकातून नाही आणलं.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. बीबीए करून बाबांच्या गॅरेजात बसायला लागून थोडी वर्षं झाली होती. डोक्यात सगळं कॉस्टिंग, ब्रँडिंग, कस्टमर डिलाइट वगैरे. एक काका होते, नोकरीतून निवृत्त झालेले, जुन्या गाड्यांचे शौकीन. त्यांच्याकडे एक जुनी अमेरिकन गाडी होती, ऑटोमॅटिक, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. गिअरबॉक्सच्या कुशीतून तेल गळत होतं, आणि सर्व्होच्या झाकणातूनच गळतंय हे उघड दिसत होतं. काका म्हणाले, "पुढच्या रविवारी पुतण्याचं लग्न आहे. वरात याच गाडीतून काढायची आहे. तेवढी गळती बंद करून द्या." मी गाडी लिफ्टवर घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, "3,500 रुपये. सकाळी आणा, संध्याकाळी घेऊन जा."

मामांनी झाकणाचे चार बोल्ट काढले, पिस्टन ओढला, आणि आतून "टक्" असा बारीक आवाज आला.

मामा माझ्याकडे बघायला लागले, मी मामांकडे.

त्या गिअरबॉक्समध्ये सर्व्होचा रॉड आणि पट्टीचं टोक यांच्यामध्ये एक छोटा लोखंडी तुकडा असतो, त्याला स्ट्रट म्हणतात. तो कशालाही बोल्टने बसवलेला नसतो, दोन्हीकडून दाबलेला असतो म्हणूनच जागेवर असतो. सर्व्हो बाहेर आला, दाब गेला, पट्टी सैल झाली आणि स्ट्रट आत पडला. तो न पडू देण्याचा उपाय पाच मिनिटांचा आहे. अशा गिअरबॉक्सला बाहेरून पट्टीचा ॲडजस्टिंग स्क्रू असतो. सर्व्होला हात लावायच्या आधी तो स्क्रू आवळून ठेवायचा, म्हणजे पट्टी जागची हलत नाही. काम झालं की तो परत ठरलेल्या टॉर्कला लावायचा आणि कंपनीने दिलेत तेवढे फेरे मागे घ्यायचा. मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलं होतं. मॅन्युअल माझ्या फोनमध्ये होतं. उघडलं नव्हतं.

गिअरबॉक्स उतरवावा लागला. एकदा उतरवला म्हटल्यावर बाकीची सीलं जुनी ठेवणं परवडणारं नव्हतं, ती बाहेरून मागवावी लागली. 11 दिवस गेले. लग्न झालं, वरात माझ्या पैशाने भाड्याने आणलेल्या दुसऱ्या गाडीतून निघाली. सीलं, तेल, ते भाडं आणि अडकून पडलेली लिफ्ट धरून 27,000 च्या वर गेलो मी. गाडी न्यायला आले तेव्हा काकांनी खिशातून 3,500 काढून टेबलावर ठेवले. मी नको नको म्हणत होतो. ते म्हणाले, "ठरलं होतं तेवढं घ्यायचं." आवाज चढवला नाही, कुणाकडे माझी बदनामी केली नाही. फक्त परत कधी आले नाहीत. दसऱ्याला कधीतरी ती गाडी दसरा चौकाच्या बाजूला उभी दिसते आणि मी अजून नकळत वाकून खाली थेंब पडलाय का बघतो.

बरीच वर्षं मी हे नुकसान मामांच्या नावावर टाकत होतो. मग एका रात्री जुन्या वह्या बघताना लक्षात आलं की चूक त्या दिवशी सकाळी झालेली नव्हती. ती आदल्या संध्याकाळी झाली होती, मी 3,500 म्हणालो तेव्हा. न बघता दर सांगितला की मग बघायला वेळच उरत नाही. मॅन्युअल वाचण्यात गेलेला प्रत्येक अर्धा तास त्या 3,500 मधूनच जाणार असतो. मग माणूस काय करतो? वाचत नाही, उघडतो. मामा तेच करत होते, आणि मी त्यांना तसं करायला लावलं होतं.

त्यानंतर आम्ही तपासणीचे पैसे घ्यायला लागलो. पण इथेही पहिली दोन वर्षं अर्धवटपणा केला. बाजारात सगळे सांगतात तसं, "चेकिंग चार्ज 1,500, काम दिलंत तर बिलातून वजा." कस्टमरला गोड वाटतं, आपल्यालाही बोलायला सोपं जातं. मग काय व्हायचं ते ऐका. एक गाडी आली, सेकंड गिअर नीट घेत नाही म्हणून. तपासलं तर गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारं लिंकेज सरकलेलं. आत दांडा एका ठिकाणी, खाली गिअरबॉक्स दुसऱ्याच ठिकाणी. वीस मिनिटांत जुळवून दिलं. तर तो गृहस्थ म्हणतो, "म्हणजे माझे 1,500 फुकट गेले की! काहीतरी काम करा, निदान ऑईल तरी बदला."

हसू नका. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच म्हणाला असता. वजा करायची सवलत दिली की तपासणी म्हणजे अनामत रक्कम होते. काम निघालं तर ती वसूल, नाही निघालं तर बुडाली. मग गाडीत काही मोठं निघू नये असं वाटणारा माणूसच, काहीतरी निघावं म्हणून तुमच्या मागे लागतो. तुम्ही खरं सांगितलंत की त्याला तोटा झाल्यासारखा वाटतो. असला धंदा कशाला करायचा?

दुसरी बाजू मिस्त्रींची. आमच्याकडे मामांना लेबरमध्ये टक्का होता, अजून आहे. पण तपासणीत त्यांना काहीच मिळत नव्हतं. मग "उघडून बघू या की, मालक, त्यात काय?" असं ते म्हणायचे तर तो त्यांचा स्वभाव नव्हता, तो माझा पगाराचा नियम बोलत होता. आता तपासणीच्या रकमेत त्यांचा टक्का लेबरपेक्षा जास्त आहे. गाडी न उघडता मामा तिच्याखाली तासभर टॉर्च घेऊन पडून राहतात ते तेव्हापासून. तुम्ही उद्या गॅरेज काढाल, एसीचं दुकान काढाल, मोटार रिवाइंडिंगचं काढाल, हा टक्का आधी ठरवा. बोर्ड नंतर रंगवा.

आता व्हिडिओतली गाडी.

एक काजूचे व्यापारी, वैभववाडीकडचे. आठवड्यातून एकदा तरी करूळ घाटाने वर कोल्हापूरला येणार आणि परत जाणार. गाडी चार गिअरची ऑटोमॅटिक एसयूव्ही, गिअरबॉक्स ए340 घराण्यातला. तक्रार अशी: "घाट उतरताना दांडा 2 वर टाकला तरी गाडी धरत नाही, नुसती पळते. सगळं ब्रेकवरच येतंय. गेल्या खेपेला खाली पोचलो तर चाकांतून वास येत होता." त्यांना एका ठिकाणी गिअरबॉक्स ओव्हरहॉलचे 1 लाख 10 हजार सांगितलेले. ते माझ्याकडे दुसरा आकडा ऐकायला आले होते. मी म्हटलं, "आकडा आज मिळणार नाही. आज तपासणी होईल, तिचे 1,800. त्यात गाडी आम्ही पन्हाळ्यावर नेऊन उतरवून बघणार. काय बिघडलंय ते कागदावर लिहून देणार. मग काम इथे करा नाहीतर कुठेही करा."

"नुसतं बघायचे 1,800?"

"हो."

थोडं थांबले, मग म्हणाले, "बरं, बघा."

आधी तेल. इंजिन गरम, चालू ठेवून, दांड्याने पातळी बघितली. ती बरोबर होती. रंग लाल, करपल्याचा वास नाही. तेल करपलेलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, कारण मग क्लचप्लेटा किंवा पट्टी जळालेली असण्याची शक्यता मोठी. मग लिंकेज बघितलं, जुळलेलं होतं. मग पन्हाळा. चढताना डी मध्ये चारही गिअर नीट पडत होते, कुठे घसरणं नाही, इंजिन रिकामं ओरडणं नाही. उतरताना दांडा 2 वर: गाडी मोकळी पळते. वेग कमी करून दांडा एल वर: गाडी छान धरते.

इथे थांबा, कारण खरी तपासणी इथेच आहे. या घराण्यातल्या गिअरबॉक्समध्ये पट्टी आणि तिचा सर्व्हो यांचं काम फक्त एवढंच, दांडा 2 वर असताना सेकंड गिअरमध्ये इंजिनाने गाडी मागे धरायची. डी मध्ये पुढे जाताना सेकंड गिअर दुसरे भाग सांभाळतात. एल मध्ये फर्स्टला धरायचं काम वेगळा ब्रेक करतो. म्हणजे डी ठीक, एल ठीक, 2 नापास, तर संशय थेट त्या एका सर्व्होवर आणि त्याच्या तेलाच्या वाटेवर. अख्ख्या गिअरबॉक्सवर नाही. हेच दुसऱ्या गिअरबॉक्सला लावू नका बरं का! जनरल मोटर्सचा 4एल60-ई घ्या, त्यात पट्टी सेकंड आणि फोर्थ दोन्हीला लागते. तिथे सर्व्हो फुटला तर हे दोन गिअर त्रास देणार आणि फर्स्ट-थर्ड चांगले राहणार. म्हणून कुठला गिअरबॉक्स आहे आणि त्यात पट्टी कुठल्या गिअरला लागते, हा तक्ता आधी बघायचा. तो तक्ता फुकट मिळतो. बघायला लागतो तो वेळ, त्याचेच 1,800.

कागदावर लिहून दिलं: सर्व्होच्या सीलचा संशय. तेलाचा पॅन आणि व्हॉल्व्ह बॉडी उतरवून हवेने खात्री करणार. सील निघालं तर तेल-फिल्टरसकट 11,500. पट्टी झिजलेली निघाली तर तिथे थांबणार, फोन करणार, कारण त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि तो खर्च वेगळा. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना मामांनी आधी सर्व्होच्या झाकणाभोवतीचा सगळा चिखल धुऊन काढला. ही पायरी पोरं सोडतात. झाकण निघालं की आजूबाजूची माती सरळ आत जाते, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला मातीचं वावडं आहे. पॅन उतरवला, तळाच्या चुंबकांवर बारीक काळा थर होता, तुकडे नव्हते. व्हॉल्व्ह बॉडी उतरवली. सर्व्होच्या रॉडवर रंगाची बारीक खूण केली आणि तेलाच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. रॉड पुढे सरकायला हवा. फुस्स... हवा सगळी बाजूने निघून गेली, खूण जागची हलली नाही. म्हणजे काहीही सुटं न करता कळलं की सील गेलंय.

मग काढणं. झाकणामागे स्प्रिंग दाबलेली असते. सर्क्लिप काढताना झाकण मोकळं सोडलं तर ते तोंडावर येतं. त्यासाठी तो लेथवाल्याने केलेला टूल: झाकण आत दाबून धरायचं, सर्क्लिप खोबणीतून काढायची, मग स्क्रू हळूहळू सैल करायचा. तरीही झाकण लगेच निघत नाही, जुनी ओ-रिंग त्याला धरून ठेवते. इथे पेचकस घालून उचकटायचं नाही. भोकाच्या कडेला एक ओरखडा पडला तर नवीन रिंगसुद्धा गळणार, आणि ते भोक गिअरबॉक्सच्या अंगाचाच भाग आहे, बदलता येत नाही. परत तेलाच्या भोकातून थोडी थोडी हवा, समोर जाड फडकं, डोळ्यांवर चष्मा. झाकण, पिस्टन, स्प्रिंग ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने पांढऱ्या कापडावर मांडले, फोटो काढला. रिंगा दगडासारख्या कडक झाल्या होत्या. रबर म्हातारं झालं, दुसरं काही नाही.

नवीन रिंगा त्याच गिअरबॉक्सच्या तेलात भिजवून बसवल्या, कोरड्या घातल्या तर आत जातानाच कातरतात. सगळं परत लावून पुन्हा खूण, पुन्हा हवा. या वेळी रॉड ठक्कन सरकला. मोजला तर 2 मिलिमीटरच्या थोडा वर. मॅन्युअलमध्ये हद्द 1.5 ते 3.0 आहे. पट्टी जास्त झिजलेली असती तर रॉडला जास्त सरकावं लागलं असतं. म्हणजे पट्टी ठीक, फोन करायची वेळ आली नाही.

संध्याकाळी परत पन्हाळा. दांडा 2 वर टाकला आणि गाडीने असं धरलं की मागे बसलेले व्यापारी पुढे झुकले.

आता खरं सांगतो. 1 लाख 10 हजार ऐकून आलेल्या माणसाला मी 40,000 सांगितले असते तर तो आनंदाने देऊन गेला असता. ते गणित माझ्या डोक्यात आलं नाही असं मी म्हणणार नाही. रात्री अंथरुणात आलंच. पण तपासणीची पावती आधीच फाडलेली होती, तिच्यावर सील असं लिहिलेलं होतं, आणि सीलचे 40,000 लिहायला हात धजत नाही. लेखी तपासणीचा हा फायदा मला कुणी शिकवला नव्हता. ती कस्टमरला माझ्यापासून वाचवते, आणि कधीकधी मला माझ्यापासून.

आता काही जण विचारतील, "सर, सर्व्होच्या कामावर धंदा उभा राहील का?" नाही राहणार. अशा पट्टीच्या गाड्या कमी होत चालल्यात. नव्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये बहुतेक क्लचप्लेटाच असतात, सीव्हीटीची तऱ्हाच वेगळी. आणि 2014 साली सेलेरिओ आल्यापासून आपल्याकडे स्वस्तातली ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी, त्यात तर साधाच गिअरबॉक्स आणि त्याला हलवणारा ॲक्च्युएटर. पण तिथे काय चाललंय बघा! गाडी गिअर घेत नाही म्हटलं की ॲक्च्युएटर बदला. बॅटरी कमजोर आहे का, क्लच संपलाय का, वायरीचा जोड सैल आहे का, हे न बघताच. वस्तू बदलली, सवय तीच राहिली.

आणि स्कॅनर. मुद्रा योजनेच्या किशोर गटात 5 लाखांपर्यंत कर्ज मिळतं, ते मिळालं रे मिळालं की पोरं आधी भारी स्कॅनर घेतात. घ्या, लागतो. पण स्कॅनर पी0732 असा कोड दाखवतो तेव्हा तो एवढंच म्हणतो की सेकंड गिअरचं प्रमाण चुकतंय. सील गेलं, पट्टी झिजली, व्हॉल्व्ह अडकला की तेल कमी आहे, हे तो सांगत नाही. कोडच्या पुढचं सगळं गाडीखाली पडून बघावं लागतं. कर्जाचा हप्ता स्कॅनरच्या कंपनीला जातो. कस्टमर पैसे देतो ते या पुढच्या भागाचे.

तपासणीचे पैसे मागायची लाज कशी घालवायची, हा प्रश्न बॅचमध्ये दर वेळी येतो. माझ्याकडे काही मंत्र नाही. पहिले काही महिने लोक निघून गेले. शेजारचा गॅरेजवाला फुकट बघून देतो म्हणाले, गेले. त्यातले काही परत आले, काही नाही आले. त्या काळात बाबा रोज जेवताना विचारायचे, "आज किती गाड्या परत पाठवल्यास?" एक गोष्ट मात्र पाळा: दर फोनवरच सांगा, गाडी दारात आल्यावर नको. तंगडतोड करून आलेल्या माणसाला पैशाची नवी गोष्ट ऐकवली की तो चिडणारच, आणि त्याचं चिडणं बरोबर असतं. आणि काही निघालं नाही तर "काही निघालं नाही" असं पावतीवर ठसठशीत लिहून द्या. 1,800 रुपये देऊन रिकाम्या हाताने माणूस जात नाही, तो कागद घेऊन जातो.

आमच्या पावतीला चार रकाने आहेत. कस्टमरची तक्रार त्याच्याच शब्दांत. आम्ही काय तपासलं आणि काय दिसलं. आणखी काय असू शकतं. आणि चौथा, उघडताना काय बिघडू शकतं आणि तो खर्च कुणाचा. पावतीचा नमुना व्हिडिओखाली दिला आहे, तुमच्या धंद्याप्रमाणे बदलून घ्या.

मामा पहिले तीन रकाने मला सांगतात, मी लिहितो. चौथ्याला त्यांचा बरीच वर्षं विरोध होता. "मालक, असं लिवून दिलं तर गाडी ठेवंल काय कोण?" गेल्या महिन्यात एक जुनी गाडी आली, बाहेरून ॲडजस्टिंग स्क्रू असलेली. मी फोनवर होतो. परत येऊन बघतो तर मामांनी पावती स्वतःच ओढून घेतली होती आणि चौथ्या रकान्यात पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: "आदी स्क्रू आवळायचा. इसरलो तर खर्च आपला."